मालिका घोडबंदरला तयार होतात, मग त्यांच्यात आपलं घर का दिसत नाही?

तलावपाळी

परवा रात्रीची गोष्ट. जेवणं आटोपली होती, बाबा (वय ८१) आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. मालिकेतल्या सासूबाई मध्यरात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. अंगावर भरजरी साडी, कानात झुमके, केसांत ताजा गजरा. ते स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या घरापेक्षा मोठं होतं. ओट्यावर एक भांडं नाही, दाराशी कचऱ्याचा डबा नाही, उद्याच्या डब्यासाठी चिरून ठेवलेली भाजी नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "या घरात कुणी राहत नाही गं."

दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४८० चौरस फूट. पुनर्विकासाच्या मीटिंगा सहा वर्षं चालू आहेत. घोडबंदर रोडला जिथे या मालिकांचे सेट लागतात ते स्टुडिओ आमच्यापासून रिक्षाने गेलं तर, ट्रॅफिक नसेल तर, अर्ध्या तासावर. म्हणजे आमच्याच शहरात दिवसभर हे काम चालतं, यातले कितीतरी कलाकार ठाण्यातच राहतात, गडकरी रंगायतनला त्यांचीच नाटकं बघत आम्ही मोठे झालो. आणि तरी मालिकेत ठाणं कुठेच नाही. ठाणं सोडा, कुठलंच गाव नाही. एक बंगला, एक हॉल, एक जिना, जिन्यावर उभं राहून ऐकणारी एक बाई.

पूर्वी असं नव्हतं, आणि हे मी केवळ जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झाली, आठवड्यातून एकदा लागायची. दिलीप प्रभावळकरांच्या स्वतःच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरची, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. पाच माणसं आणि एक फ्लॅट. कुणी कुणाला विष घातलं नाही, कुणाची स्मृती गेली नाही. घरातल्या साध्या कुरबुरीवर अख्खा भाग उभा राहायचा आणि शेवटी आबा वही उघडून लिहायला बसायचे. त्या घरात माणसं राहत होती. सोफ्यावर बसताना आधी त्यावरची वस्तू उचलून बाजूला ठेवायची, तशी राहत होती.

बाबा त्याच्याही मागे जातात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्या दशकाच्या शेवटी चिमणराव-गुंड्याभाऊ आले. प्रभावळकरांचे चिमणराव, बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या बिऱ्हाडात चटई टाकून बसायचं. चिं. वि. जोशींनी ती माणसं कितीतरी आधी लिहून ठेवलेली, पण बाबा म्हणतात, गुंड्याभाऊ दारातून आत आला की आपलाच मामा आल्यासारखं वाटायचं.

माझं म्हणणं असं, की विनोदाला पत्ता लागतो. गंभीर मालिका एक वेळ बंगल्यात चालून जाईल, रडायला कुठलीही भिंत पुरते. पण हसू येतं ते नेमक्या गोष्टीचं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये गौरव मोरे यायचा आणि पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव छाती फुगवून घ्यायचा, तेव्हा मी पहिल्यांदा कुणा मराठी विनोदवीराला वस्तीचं नाव अभिमानाने घेताना पाहिलं. फिल्टरपाडा न पाहिलेली माणसंही खूश व्हायची, कारण तो कुठूनतरी आलेला होता.

तुम्हाला कुठल्या मालिकेतलं घर खरं वाटलं? विनोदी, गंभीर, मराठी, हिंदी, काहीही चालेल.

पारसिक

ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही. तरी अर्धंच पटलं.

मी कळव्याला राहतो. संध्याकाळी सीएसएमटीवरून निघतो, दीड तासाने घरी. लोकलमध्ये जे भोगलं तेच पुन्हा टीव्हीवर बघायची माझ्या बायकोची इच्छा नसते, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. तिला मोठा हॉल बघायचा असतो. तिला साड्या बघायच्या असतात. राम मारुती रोडवर दुकानाबाहेर उभं राहून बघण्यात जो आनंद आहे तोच हा आनंद आहे, पायपीट न करता.

आणि चौरस फुटांचा मुद्दा तर 'साराभाई वर्सेस साराभाई'पुढे टिकत नाही. कफ परेडचं घर, गर्भश्रीमंत माणसं. माझा नि कफ परेडचा संबंध काय? तरी मला ती माणसं सख्खी वाटतात. रत्ना पाठक शाहांची माया 'मिडल क्लास' हा शब्द जसा उच्चारते, तो ऐकून मला माझ्या एका मावशीची आठवण येते, जिचं घर दोन खोल्यांचं होतं! सतीश शाहांचा इंद्रवदन सगळं कळून बायकोला चिडवत बसतो, सुमीत राघवनचा साहिल आई आणि बायको यांच्यामध्ये उभा राहून दोघींना समजून घेतो. ही धडपड कळव्यातल्या दर घरात आहे.

म्हणून मला वाटतं, प्रश्न घराच्या आकाराचा नाही. त्या माणसांना काय हवंय हे लेखकाला माहीत आहे का, हा आहे. मायाला सून सुधारायची आहे. सुनेला, मोनिशाला, चार रुपये वाचवायचे आहेत. या दोन इच्छांवर सत्तरच्या आसपास भाग उभे राहिले. आताच्या मालिकेतल्या खलनायिकेला 'या घराची वाट लावायची आहे'. का? ते तिलाही माहीत नसतं.

उपवन

पारसिक, एकदम सहमत. आणि साराभाईंचं आणखी एक लक्षात घ्या. २००४ ला स्टार वनवर सुरू झाली तेव्हा टीआरपी फार नव्हता, २००६ ला बंद झाली. लोकांनी डोक्यावर घेतली ती नंतर, पुनःप्रक्षेपणात आणि इंटरनेटवर.

टीआरपी कसा काढतात ते पाहिलं तर हे का होतं ते कळतं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेची मीटर देशभरात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत बसवलेली आहेत, त्यावरून दर आठवड्याला आकडे निघतात आणि गुरुवारी वाहिन्यांच्या हातात पडतात. गुरुवारचा आकडा पडला की पुढच्या आठवड्यातलं कथानक वळतं. टिपरेंसारखी मालिका मनात उतरायला दोन महिने घेते. इतका धीर आज कुणाकडे आहे?

माझ्या पिढीचं घर सांगायचं तर 'दिल दोस्ती दुनियादारी'चं 'माजघर', म्हणजे त्या मित्रमंडळींचा फ्लॅट. २०१५. सहा जण एकत्र राहणारे, भाड्याची चिंता, नोकरीची चिंता. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, वर्तकनगरला मित्राच्या खोलीवर आम्ही सगळे एकत्र बघायचो. ती रोज लागायची आणि तरी हसवायची, त्यामुळे रोजची मालिका म्हणजे वाईटच असं कुणी म्हणू नये.

दुसरी 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. सतीश राजवाडेंनी २०१२ च्या जानेवारीत सुरू केली आणि त्याच वर्षी संपवली. घना-राधाची गोष्ट पूर्ण झाली, मालिका थांबली. स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे ऐन लोकप्रिय असताना थांबली. ती अजून लोकांच्या जिभेवर आहे ती त्यामुळेच.

कंटिन्यूटी

नेहमी वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

मी १४ वर्षं मालिकांच्या वेशभूषा विभागात काम करते. कुठली वाहिनी, कुठली मालिका ते सांगणार नाही. तलावपाळी ताई, त्या मध्यरात्रीच्या भरजरी साडीबद्दल मला बोलायचंय.

आधी घराचं. मालिकेचा हॉल मोठा असतो कारण त्यात तीन कॅमेरे, ट्रॉली, दिवे, माइक धरणारा मुलगा आणि आम्ही वीस-पंचवीस माणसं मावावी लागतात. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात एक कॅमेरा आणि एक नट गेला की दार लागत नाही. सेटची भिंत हवी तेव्हा सरकवता येते, खऱ्या घराची येत नाही. बाहेर जाऊन शूटिंग करायचं तर परवानग्या, जास्तीचे पैसे, गर्दी आणि रस्त्याचा आवाज. ठाण्याच्या तलावपाळीवर, तळ्याकाठी, दोन मिनिटांचा सीन करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात हॉलमधले चार सीन होतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटला जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं लागतात आणि ती २२ मिनिटं दर दिवशी तयार व्हावी लागतात. बँक असेल, म्हणजे चार-सहा भाग हातात शिल्लक असतील, तर सगळ्यांची डोकी शांत असतात. नसेल तर सीनचे कागद सकाळी मेकअपच्या खुर्चीत हातात येतात आणि रात्री पॅकअप कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. त्यात मेट्रोच्या कामामुळे एखादा कलाकार माजिवड्याला तासभर अडकला की पुढचं सगळं कोसळतं.

आता साडी. सुती साडी दोन सीननंतर चुरगळते. दिव्यांखाली घाम येतो, डाग दिसतो, इस्त्रीला वेळ नसतो. आज चित्रित झालेला सीन आणि पुढच्या आठवड्यात होणारा सीन मालिकेत एकाच रात्रीचे असू शकतात, तेव्हा पदर, पिना, टिकली सगळं फोटो बघून तसंच्या तसं करावं लागतं. काठाची कृत्रिम रेशमाची साडी हे सगळं सोसते. हे झालं सोयीचं कारण.

खरं कारण वेगळं आहे. काही वर्षांपूर्वी एका रात्रीच्या सीनसाठी मी आईच्या भूमिकेतल्या ताईंना साधा सुती गाऊन दिला होता. धुऊन धुऊन मऊ झालेला, माझ्या घरचाच. वर ओढणी. बेल वाजते आणि ती दार उघडते असा सीन होता. तुम्ही सगळ्या जाणता, दाराची बेल वाजली की गाऊनवर ओढणी घेतल्याशिवाय आपल्याकडे कुठली बाई दार उघडत नाही. ताईंना ते इतकं आवडलं, त्यांनी ओढणी खुर्चीच्या पाठीवरून ओढून घेत दाराकडे जाण्याची तालीम केली. मॉनिटरवर बघणारे सगळे गप्प झाले. ते गप्प होणं मला अजून आठवतं. मग वरून फोन आला, लुक डल वाटतोय, साडी नेसवा. पंधरा मिनिटांत साडी नेसवली.

आम्हाला दिसत नाही असं नाही, ताई. आम्हीही याच घरांतून येतो.

मोगरा

कंटिन्यूटी ताई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मला मात्र मालिकांची बाजू घ्यायची आहे. आम्ही ऐरोलीला राहतो. माझी आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, बोलणं पुष्कळसं परत आलं. तिचा दिवस मालिकांच्या वेळांवर चालतो. साडेसातची म्हणजे औषध, आठची म्हणजे भात, साडेआठची संपली की कूस बदलायची. ती माणसं खोटी असतील, पण रोज ठरल्या वेळी येतात. आमचे नातेवाईक येत नाहीत.

'आई कुठे काय करते' २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. मूळ बंगाली 'श्रीमोयी', त्यावरूनच पुढे हिंदीत 'अनुपमा' आली. मराठीत मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती. नवऱ्याचं दुसरीकडे प्रेम आहे हे तिला लग्नाला २५ वर्षं झाल्यावर कळतं. आई तेव्हा हिंडतीफिरती होती, लॉकडाउनमध्ये आम्ही दोघी बघायचो. एका रात्री अरुंधती घरातल्यांसमोर ठाम उभी राहून बोलली. आई टीव्हीकडे बघतच म्हणाली, "मला हे चौऱ्याऐंशी साली बोलायचं होतं."

बास, एवढंच. पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी ४६ वर्षांची होते आणि माझ्या आईच्या आयुष्यात १९८४ साली काहीतरी घडलं होतं हे मला त्या रात्री कळलं. त्या घराचा हॉल केवढा होता याने मला काही फरक पडत नाही.

हां, ती मालिका जवळजवळ पाच वर्षं चालली, २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत. शेवटची दोन वर्षं मी फक्त आईसाठी लावायची. अरुंधतीला जे म्हणायचं होतं ते केव्हाच म्हणून झालं होतं. उपवन म्हणतात ते बरोबर आहे, गोष्ट संपली की थांबावं. आईनेच एकदा म्हटलं, "हिला आता जरा बसू दे."

नेरुळकर

विनोदाकडे परत येतो, कारण माझं दुखणं तिथलं आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. सावळी आहे, अंगाने भरलेली आहे, हसरी आहे. शनिवारी-रविवारी आम्ही जेवताना विनोदी कार्यक्रम लावायचो. कार्यक्रमाचं नाव घेत नाही, कारण दोष कुणा एकाचा नाही, ती सवय सगळीकडची आहे. जाड मुलगी आली की तिच्या वजनावर पंच. काळी मुलगी आली की 'लाइट लावा'. एकदा असाच एक पंच पडला, सगळे हसले, मीही हसलो. मुलीने ताट उचललं आणि आत गेली. चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच. त्या दिवसापासून ती आमच्याबरोबर टीव्ही बघत नाही. मी हसलो हे तिने पाहिलं होतं.

विनोद असाच असतो, असं मला कुणी सांगू नये. 'चला हवा येऊ द्या' मी २०१४ पासून बघत आलो. त्यातला माझ्या सगळ्यात जवळचा भाग हसण्याचा नव्हताच. सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचा, पिशवीतून पत्र काढून वाचायचा. अरविंद जगतापांनी लिहिलेली ती पत्रं. पाच मिनिटांपूर्वी लोटपोट झालेली माणसं रुमाल काढायची. थुकरटवाडी या कार्यक्रमातल्या गावच्या त्या दंग्यात ते पत्र इतकं खोल जायचं, कारण हसून माणूस मोकळा झालेला असायचा.

तलावपाळी ताई, खऱ्या घराबद्दल विचारलंत. मला 'तारक मेहता'मधला भिडे मास्तर खरा वाटतो. हिंदी मालिका, मूळ तारक मेहतांचं गुजराती सदर, पण शिकवण्या घेणारा, मेंटेनन्सच्या हिशेबासाठी जीव टाकणारा सोसायटीचा सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे आणि लोणची-पापड विकून घराला हातभार लावणारी माधवी, हे मराठी जोडपं हिंदीने २००८ पासून सांभाळलं. मी स्वतः आमच्या सोसायटीचा चार वर्षं सेक्रेटरी होतो. गळती, पार्किंग, पाण्याची वेळ, यात इतका विनोद आणि इतकं दुःख भरलंय! सिडकोच्या एका जुन्या इमारतीत वीस बिऱ्हाडं आणि एक पुनर्विकासाची मीटिंग, यावर मराठीत आठवड्याला एक भाग कुणी केला तर मी सगळी कामं सोडून बघेन. मुलीला हाक मारून शेजारी बसवीन.

पारसिक

नेरुळकर, तुम्ही मुलीशी बोललात का नंतर?

नेरुळकर

बोललो. माफी मागितली. तिने 'ठीक आहे बाबा' म्हटलं. पण अजून आत बसून जेवते.

तलावपाळी

दोन दिवस कामात होते, आता सगळं नीट वाचलं.

पारसिक दादा, साराभाईंबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी चौरस फुटांवर अडून बसले होते. बाबांना तुमचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "घर मोठं असू दे, पण त्या बाईला मध्यरात्री तहान का लागली ते तरी सांगा." झोप लागत नव्हती का, मुलगा घरी यायचा होता का, औषधाने घसा कोरडा पडला होता का. ती पाणी प्यायला आली होती ते फक्त सुनेचं फोनवरचं बोलणं ऐकायला, पेला तिने ओठांना लावलाच नाही. बाबांनी हे पाहिलं होतं, मी नव्हतं पाहिलं.

मोगरा ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तुम्ही लिहिलंत ते वाचल्यावर मला 'आभाळमाया' आठवली. १९९९. सुकन्या कुलकर्णींची सुधा, नोकरी करणारी, मनोज जोशींचा शरद आणि त्याचं ते दुसरं नातं. माझी आई तेव्हा होती. देवकी पंडितांच्या आवाजातलं शीर्षकगीत सुरू झालं की ती गॅस बारीक करून बाहेर यायची आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. पूर्ण भाग उभ्याने. बस म्हटलं तर म्हणायची, "दूध आहे वर." तिलाही काही बोलायचं होतं का, हे आता मला कुणाला विचारता येणार नाही.

नेरुळकर दादा, टिपरेंचे जुने भाग मुलीबरोबर बघा. त्यात शलाका आहे. त्या घरात तिची थट्टा होते, पण तिच्या दिसण्यावर होत नाही.

कंटिन्यूटी ताई, तो गाऊन अजून आहे का तुमच्याकडे?

कंटिन्यूटी

आहे. मीच वापरते घरी.

आणि एक सांगायचं होतं. परवा सासूबाईंच्या भूमिकेतल्या ताई तयार होऊन बसल्या होत्या. साडी भरजरीच, त्याला इलाज नव्हता. मी त्यांच्या उजव्या हातातल्या बांगडीत दोन सेफ्टी पिना अडकवल्या, माझी आई अडकवायची तशा, एक मोठी आणि एक बारीक. ताईंनी हात वळवून पाहिलं आणि काही न बोलता पदर सारखा केला. डाळ निवडण्याचा सीन होता, हात जवळून घेतलाय. कुणी काढायला सांगितल्या नाहीत. फोटो काढून ठेवलाय, आता पुढच्या सीनलाही त्या तिथेच राहतील.

तलावपाळी

कुठली मालिका ते सांगू नका. फक्त वार सांगा, बाबांना चष्मा लावून बसवते.

कंटिन्यूटी

बहुतेक बुधवार. नाही तर गुरुवार.